पदिमाच्या हातचं मीठ

तिलमा गावातल्या मेंढरांचा धनी कुणीही असो, ती ऐकायची पदिमाचं. संध्याकाळी वाड्याच्या दगडी भिंतीवर बसून तिने नुसता तळहात पुढे केला, की वरच्या कुरणातून कळपच्या कळप खाली यायला लागायचे. मेंढपाळ शिट्ट्या मारून घसा कोरडा करायचे, कुत्री भुंकून दमायची, आणि ही बाई तोंडातून अवाक्षर न काढता साऱ्या गावाची मेंढरं आपल्याभोवती गोळा करायची. तिची नणंद देबुली कपाळाला हात लावायची. "बोज्यू, तुझ्या हातात काही चेटूकबिटूक आहे का गं? मी घसा फोडून हाका मारल्या तर माझा नवरासुद्धा येत नाही."

चेटूक कसलं, मीठ होतं. पदिमाच्या कमरेला कातड्याची एक लहानशी पिशवी असायची आणि तिच्यात खडेमीठ. ही सवय तिच्या बापाची. तिचा बाप शेळ्यामेंढ्यांच्या पाठीवर दोन्ही अंगांना पिशव्या लादून खिंडीपलीकडून, तिबेटातून मीठ आणायचा आणि खाली धान्याच्या बदल्यात द्यायचा. मग चीनशी लढाई झाली, खिंड बंद झाली, आणि आमच्या खोऱ्यातल्या पुरुषांना करायला काही उरलं नाही. पदिमाचा बाप त्यानंतर फार दिवस काढू शकला नाही. जाताना लेकीला एवढंच सांगून गेला, "मेंढराला काठी दाखवू नकोस, पोरी. काठीने हाकललेलं मेंढरू जातं. हातावर मीठ खाल्लेलं परत येतं."

पदिमाने आयुष्यात कधी मेंढरावर काठी उगारली नाही. मुलावरही नाही.

मुलगा एकच, भूपाल. घरात भूपी. त्याचा बाप लाकडी पूल दुरुस्त करताना नदीत गेला तेव्हा भूपी अंगावर पीत होता. पुढे चालायला लागला तसा आईच्या पायापायात आणि मेंढरांच्या पायापायात वाढला. संध्याकाळी मीठ द्यायची वेळ झाली की कोकरांच्या रांगेत हाही जीभ बाहेर काढून उभा. पदिमा हसायची, एका कोकराला द्यायची, एकदा त्याला द्यायची. त्याची ती मऊ, ओली जीभ तळहातावर फिरली की तिला गुदगुल्या व्हायच्या. देबुली ओरडायची, "अगं, शेपूट फुटेल पोराला!"

शेपूट फुटलं नाही, अक्कल फुटली. मास्तर म्हणाले, पोरगा हुशार आहे, इथे ठेवून वाया घालवू नका. आमच्याकडे उन्हाळ्यात वर तिलम्याला आणि थंडीत खाली धारचुल्याला असं सारं गाव चढतं-उतरतं, मग शाळा कशी चालणार? पदिमाने भूपीला पिथौरागढच्या वसतिगृहात टाकलं. स्वतः मागाला जुंपून घेतलं. लोकरीचे गालिचे विणून विणून तिच्या बोटांची पेरं वाकडी झाली, पण पोरगं शिकलं. लखनौला गेलं, बँकेत लागलं, तिथल्याच मुलीशी लग्न केलं. लोक पदिमाचं तोंड भरून कौतुक करायचे आणि तीही मान ताठ करून ऐकायची. तिथे दुःखाचं काय होतं?

फक्त एवढंच, की पहिल्या सुट्टीत आला तेव्हा त्याने लोण्यामिठाचा चहा तोंडाला लावून खाली ठेवला आणि साखर मागितली. दुसऱ्या सुट्टीत 'ईजा'ची 'मम्मी' झाली. तिसऱ्या खेपेला तो आपल्याच घरी हवा विरळ लागते म्हणून डोकं धरून बसला, आणि आपल्या बोलीत काही विचारलं की हिंदीत उत्तर देऊ लागला. पदिमा त्याच्यासाठी मोडकीतोडकी हिंदी शिकली. लग्नानंतर तर येणंच थांबलं. थंडीत धारचुल्याच्या टेलिफोनच्या दुकानात ती रांग लावायची, आणि पलीकडून आवाज यायचा, "या उन्हाळ्यात नक्की येतो, मम्मी."

मग दर उन्हाळ्यात ती घर मातीने सारवायची, जाड घोंगड्या उन्हात टाकायची, बटाटे पुरून ठेवायची. येणारे येत होतेच. पाठीवर तंबू घेऊन कलकत्त्याचे लोक यायचे, पाच पाच दिवस चालून, पायाला फोड आणून. नदीकडे बघत बसायचे, घरांच्या कोरीव चौकटींचे फोटो काढायचे. म्हणायचे, "माजी, किती शांत आहे तुमचं खोरं! इथेच राहावंसं वाटतं." पदिमा त्यांना चहा द्यायची. ते गेले की देबुली म्हणायची, "बघ, ज्यांचं इथे काही नाही ते येतात. आणि ज्याचं घर आहे त्याला वाट सापडत नाही." पदिमा म्हणायची, "त्याला रजा नसते." आणि वर्षभर विणलेली लोकरीची बंडी जाणाऱ्या-येणाऱ्याच्या हाती लखनौला धाडायची. दर वर्षी एक.

थंडी सरता सरता धारचुल्याला टेलिफोनवाला धावत आला. भूपी कचेरीत खुर्चीवर बसल्या बसल्या गेला होता. पदिमा बसने लखनौला पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. अस्थीसुद्धा गंगेत सोडून झाल्या होत्या. सून माणुसकीची, पायाशी बसून रडली, आणि निघताना भूपीच्या कपड्यांची पेटी सासूच्या हवाली केली. धारचुल्याला येऊन पदिमाने पेटी उघडली. वर शर्ट-पँट, घड्याळ, चष्मा. खाली डांबरगोळ्यांच्या वासात तिने विणलेल्या साऱ्या बंड्या, घडीसुद्धा न मोडलेल्या.

"एकही घातली नाही मेल्याने," देबुलीच्या तोंडून निघून गेलं.

"तिथे किती उकडतं ते बघितलंय का तू?" पदिमा तिच्यावर खेकसली. "माणूस लोकर घालेल तिथे?" मग ती बंड्यांत तोंड खुपसून रडली, आणि देबुलीने दाराला कडी घातली.

गाव वर चढलं तशी पदिमाने क्रियेची तयारी धरली. अस्थी गंगेत सोडल्या म्हणजे आमच्या माणसाचं सगळं झालं असं होत नाही. आमच्याकडे मेलेल्याला वाट सांगावी लागते. तो घरातच घुटमळत असतो. त्याला उंबऱ्यापासून एकेका जागेचं नाव घेत पार खिंडीपलीकडे, पूर्वजांच्या मुलखापर्यंत पोचवावं लागतं. ही वाट ज्याला पाठ असते त्याला अमरीचा म्हणतात. तिलम्याचा अमरीचा म्हणजे हयातसिंग. त्याची भुवईसुद्धा पांढरी झाली होती, पण गावात गेलेल्या प्रत्येकाला त्यानेच पोचवलं होतं. पदिमाच्या नवऱ्यालाही.

पदिमा त्याच्या ओसरीवर जाऊन बसली.

"काय गं?" हयातसिंगने चिलीम बाजूला ठेवली.

"दाज्यू, भूपीची वाट हिंदीत सांगाल का?"

"काय?"

"त्याला आपली बोली राहिली नव्हती. पाणी, भूक, थंडी, एवढंच यायचं. एवढ्यावर कुठवर पोचेल तो? कुठेतरी मध्येच चुकेल."

"अगं, मेल्यावर सगळ्यांना येते आपली बोली."

"कुणी सांगितलं? तुम्हाला कोण येऊन सांगून गेलं?"

मागून देबुली फिसकन हसली. हयातसिंग तिच्याकडे डोळे वटारून म्हणाला, "पलीकडे पूर्वज वाट बघत बसलेले असतात. हिंदी ऐकली की म्हणतील, हा कोण पटवारी आला? दार लावून घेतील. नाही पदिमा. माझ्या आजाने ज्या शब्दांत सांगितली त्याच शब्दांत मी सांगणार. एक नाव इकडचं तिकडे झालं तर माणूस लटकतो मध्ये. ना इथला ना तिथला."

त्याच गोष्टीचं पदिमाला भय होतं. जिवंतपणी तर तो तसाच राहिला होता, ना इथला ना तिथला. आता मेल्यावरही पोराने तसंच फिरत राहावं? पण अमरीचाशी वाद कोण घालणार? ती उठून घरी आली.

क्रियेसाठी मेंढा आणला. मेलेल्याच्या जागी मेंढा असतो. त्याला त्या माणसाचे कपडे घालायचे, त्याच्या नावाने हाक मारायची, त्याच्या आवडीचं खाऊ घालायचं, आणि वाट सांगून झाली की गावाबाहेर नेऊन सोडून द्यायचा. तो पुढे कुणाच्या हाती लागतो, त्याचं काय होतं, हे गाव कधी विचारत नाही. फक्त तो परत येता कामा नये. म्हणून आपल्या कळपातला घेत नाहीत, परक्या खोऱ्यातला घेतात. आणि एकदा तो दारात बांधला की त्याला सगळं द्यायचं, मीठ तेवढं द्यायचं नाही. हे पदिमाला सांगावं असं कुणाच्या मनातही आलं नाही. मेंढराला मीठ कधी द्यावं, कधी देऊ नये, हे गाव तिलाच विचारत आलं होतं.

मेंढा धिप्पाड होता, तोंडावर काळा ठिपका, नजर बावरलेली. पहिल्या संध्याकाळी पदिमा त्याच्यापाशी गेली, आणि जन्माची सवय, हात आपोआप पिशवीत गेला. मेंढ्याने हुंगलं, मागे सरला, मग पुढे येऊन तळहात चाटू लागला. पदिमाने डोळे मिटले. मोठ्या जनावराची खरखरीत जीभ ती, पण तिला काय आठवलं असेल ते सांगायला नको. दुसऱ्या संध्याकाळी हात आपोआप गेला नाही. तिने इकडेतिकडे पाहिलं आणि घातला. तिसऱ्या संध्याकाळी मेंढाच तिची वाट बघत उभा होता.

क्रियेच्या दिवशी अंगणात सारं गाव जमलं. मेंढ्याच्या अंगावर सगळ्यांत नवी बंडी चढवली, गळ्यात घड्याळ बांधलं, शिंगाला चष्मा. एकेक जण येऊन घास देऊ लागला. कुणी सातूचा गोळा, कुणी फाफराच्या पिठाची पोळी, कुणी ओंजळीत तांदळाची दारू. "घे भूपी, खा बाबा." एका चुलतभावाने बिस्किटाचा पुडा फोडला. "शहरात हेच खात असेल," तो म्हणाला, आणि हसता हसता रडायला लागला. हयातसिंग चुलीजवळ बसून सकाळपासून वाट सांगत होता. उंबरा, झरा, पाणचक्कीचं घराट, जोडशिळा, भोजपत्रांचं रान. आवाज थकला तरी थांबला नाही.

ऊन कलायला लागलं तसे पुरुष मेंढ्याला घेऊन निघाले. बायका वेशीशी थांबतात. मेंढा वळून वळून बघत होता आणि पुरुष त्याला रेटत होते. वर शेवटच्या दगडांच्या राशीपाशी त्याला सोडलं, मागून खडे मारले, आरोळ्या ठोकल्या, आणि सगळे मागे न बघता खाली आले. देबुलीने पदिमाला घरात नेलं. "झालं गं बोज्यू. सुटला तो."

सकाळी पदिमाने दार उघडलं. उंबऱ्याला पाठ लावून मेंढा बसला होता. बंडी काट्यांनी फाटली होती, घड्याळ कुठेतरी पडलं होतं, चष्मा एका काडीवर लोंबत होता. तिला पाहून तो उठला आणि त्याने तिच्या हाताला तोंड लावलं.

"आलास?" पदिमा म्हणाली. हिंदीत म्हणाली.

देबुलीने पाण्याला जाताना पाहिलं आणि हंडा तिथेच टाकून ओरडत सुटली. "अगं बाई, आला! बोज्यू, तुझा लेक आला! जिवंत होता तेव्हा रजा मिळायची नाही मेल्याला, आणि आता एका रात्रीत आला!" बायका जमल्या. कुणी हात जोडले, कुणी पदराने डोळे पुसले, कुणी लांबूनच बघितलं. म्हातारे कुजबुजू लागले. पोराला वाट कळली नाही, म्हणाले. मधूनच फिरला. आता हा ना इथला ना तिथला, आणि गावाला त्याचा त्रास.

पदिमाला सगळं ठाऊक होतं. हे मीठ आहे, दुसरं काही नाही, हे तिच्याइतकं कुणाला कळणार? पण खरं सांगायचं तर त्या दिवशी ती सुखात होती. तिने मेंढ्याला अंगणात ऊन लागेल असं बसवलं. फाटलेली बंडी त्याच्या अंगावरच शिवली. त्याच्याशेजारी बसून चहा प्यायली, बटाटे सोलले, शेजाऱ्यांच्या भानगडी सांगितल्या, छप्पर गळतं ते दाखवलं. इतक्या वर्षांच्या गोष्टी साठल्या होत्या. मेंढा रवंथ करत ऐकत होता. फोनवर तर दोन वाक्यं झाली की ठेवावा लागायचा.

दुपार ओसरल्यावर हयातसिंग आला. काठी टेकत, एकटाच. अंगणात येऊन दगडावर बसला आणि मेंढ्याकडे बघवेना म्हणून जमिनीकडे बघू लागला.

"पदिमा, मी म्हणतो, तू ऐक. कुठे चुकलो ते सांग. तुझ्या नवऱ्याच्या वेळी तू पूर्ण ऐकली होतीस." आणि त्याने सुरुवात केली. उंबरा, झरा, घराट... "घराटानंतर मी काल जोडशिळा म्हणालो का गं? म्हणालो ना? का सरळ भोजपत्रांवर गेलो?"

"म्हणालात, दाज्यू."

"नक्की? मला आठवत नाही. सकाळपासून आठवतोय, नाही आठवत." "म्हातारा झालो मी. माझ्यामुळे पोरगा मध्ये अडकला. आणि हा एकच कशावरून? आधीचे किती अडकवले असतील मी? तुझा नवरा? माझी स्वतःची बायको? तिची वाट मीच सांगितली. ती पोचली का नाही कोण सांगेल मला? बस झालं आता. आता कुणी मेलं तर दुसऱ्या गावचा अमरीचा आणा."

म्हातारा गुडघ्यात मान घालून रडू लागला. पदिमाने त्याला जन्मात रडताना पाहिलं नव्हतं. गप्प बसली असती तर मेंढा आणखी चार दिवस अंगणात राहिला असता, गावाने दुसरी क्रिया केली असती, तिच्यावर कुणी बोट ठेवलं नसतं. तिने मेंढ्याच्या मानेवर हात ठेवला. मग उठून हयातसिंगसमोर उकिडवी बसली आणि उजवा तळहात त्याच्यापुढे धरला. जन्मभर मीठ धरून हाताच्या रेषा पांढऱ्या पडल्या होत्या.

"तुमचं नाव एकही सुटलं नाही, दाज्यू. माझ्याच हातचं मीठ सुटलं नाही."

हयातसिंगला कळायला वेळ लागला. "कधी?"

"तिन्ही संध्याकाळी."

"मेंढरांत जन्म गेला तुझा, बाई!"

"म्हणून तर."

"लाज नाही वाटली? पोराची वाट अडवलीस तू! मी तिकडे सकाळपासून जीव द्यायचा बाकी राहिलोय—" तो तावातावाने उठला आणि तिचं तोंड बघून पुन्हा खाली बसला.

पदिमा म्हणाली, "किती उन्हाळे येतो येतो म्हणाला, दाज्यू. दर वर्षी घर सारवलं मी. एकदा तरी यायला नको होतं त्याने?"

मेंढा उठून पदिमाच्या पाठीशी येऊन उभा राहिला.

"आता आला ना?" हयातसिंग अखेर म्हणाला, आणि त्याचा आवाज मऊ झाला होता. "चहा पाजलास, बोललीस. आता जाऊ दे त्याला. पण हा पुरुषांच्या खड्यांना जायचा नाही, हे तुलाही कळतंय. ज्या हाताने बोलावलं त्याच हाताने घालवावं लागेल. सकाळी तू चल. मी वाट सांगायला येतो."

"वाट मी सांगणार. हिंदीत."

हयातसिंगने तिच्याकडे पाहिलं. त्या दिवशीचं पूर्वजांचं आणि पटवाऱ्याचं तोंडाशी आलं असेल, पण तो ते बोलला नाही. "तू पुढून सांग," तो म्हणाला. "मी मागून आपल्या बोलीत सांगतो. दोन्ही ऐकू दे त्याला."

उजाडताच तिघं निघाली. वेशीशी देबुली उभी होती. बाई वेस ओलांडतेय म्हणून दोघी-तिघी कुजबुजल्या, तशी ती त्यांच्यावर उखडली, "तुमच्या पोटचा गेला की मग सांगा नियम!" पदिमाच्या हातात दोरी नव्हती. ती पुढे चालत होती आणि मेंढा तिच्या हाताला नाक लावून मागे.

"हे बघ, भूपी, हा झरा. इथे तू घसरून पडला होतास, हनुवटी फुटली होती. हे घराट. इथे पीठ दळायला आलो की तू पाण्यात काटक्या सोडायचास. लक्षात ठेव, घराटावरून उजवीकडे. ही जोडशिळा." मागून हयातसिंगचा संथ आवाज त्याच जागा जुन्या शब्दांत सांगत येत होता. भोजपत्रांच्या रानात समोरून तंबूवाले दोघं उतरत होते. मेंढ्याच्या अंगावरची बंडी आणि शिंगावरचा चष्मा बघून ते थबकले. एकाने विचारलं, "बाबा, सण आहे का काही?"

"पाहुणा आला होता," हयातसिंग म्हणाला. "पोचवायला चाललोय."

रान संपल्यावर पदिमा मेंढ्याकडे वळली. "इथून पुढे तू कधी आला नाहीस. लहान होतास, मग शाळेला गेलास. मीसुद्धा बाबांच्या बोटाला धरून एकदाच आलेय. भिऊ नकोस. नदी डाव्या हाताला ठेवायची. थंडी वाजली तर बंडी आहे अंगात. पुढे तुझे आजोबा असतील, ते बोलतील. तुझी बोली त्यांना नाही आली तरी हात पुढे करतील, मी सांगून ठेवलंय असं समज."

दगडांच्या राशीपाशी ती थांबली. कमरेची पिशवी सोडून तिने हयातसिंगकडे दिली, हात ओल्या गवताला खसाखसा पुसला. "जा आता," ती म्हणाली. मेंढा गेला नाही. त्याने तिचा तळहात हुंगला, मग दुसरा हुंगला. तिने त्याला ढकललं. तो दोन पावलं जाऊन परत आला.

पदिमाने दगड उचलला. पहिला तिने असा फेकला की तो मेंढ्याच्या पुढे कुठेतरी पडला. मेंढ्याला वाटलं काहीतरी खायला टाकलं. तो जाऊन हुंगून आला.

"लागला पाहिजे, पदिमा," हयातसिंग हळूच म्हणाला.

दुसरा लागला. बरगडीवर, बंडीवरच, धप्प आवाज झाला. मेंढा दचकून बाजूला झाला आणि तिच्याकडे बघत उभा राहिला. त्याला अजून खरं वाटत नव्हतं. पदिमा ओरडली, "जा! जा म्हणते ना! नको येऊस!" आणि तिसरा दगड मारला. तो तोंडावर लागला. मेंढा एकदा बें करून ओरडला, वळला आणि धोंड्यांमधून वर चढत गेला. एकदाही थांबला नाही. हयातसिंग मागून एकेक मुक्काम सांगत राहिला, तो दिसेनासा झाल्यावरही. चौथा दगड पदिमाच्या मुठीत तसाच होता. तो तिने गावात येईपर्यंत टाकला नाही, आणि नियमाप्रमाणे मागे वळूनही बघितलं नाही.

मेंढा पुन्हा आला नाही. तो कुणाच्या हाती लागला, कुठे गेला, हे गावाने विचारलं नाही. हयातसिंगने पुढेही कितीतरी जणांच्या वाटा सांगितल्या आणि कुठे अडखळला तर तो पदिमाकडे बघायचा, ती मान हलवायची.

पदिमा त्यानंतर बरीच वर्षं जगली. संध्याकाळी वाड्याच्या भिंतीवर बसायची, मेंढरं सवयीने भोवती गोळा व्हायची, पण मीठ आता ती भिंतीपलीकडच्या सपाट दगडावर पळीने टाकायची. एखादं कोकरू हात चाटायला आलं तर मूठ मिटून घ्यायची. तंबूवाले अजून येत होते. चहा पिता पिता खोऱ्याची स्तुती करायचे, आणि हमखास विचारायचे, "माजी, तुम्हाला मुलंबाळं?"

"एक मुलगा," ती तिच्या मोडक्यातोडक्या हिंदीत सांगायची. "उन्हाळ्यात येतो म्हणाला होता. आला होता. मीच दगड मारून घालवला."

पाहुणे एकमेकांकडे बघायचे. म्हातारी भ्रमिष्ट आहे असं त्यांना वाटायचं. मग देबुली पुढे होऊन त्यांच्या कपात आणखी चहा ओतायची आणि त्यांना पुढच्या गावाची वाट सांगायची.